दोन काटे आणि एक सही

मागच्या पावसाळ्यात वस्तीतल्या समाजमंदिरात आम्ही आरोग्य तपासणीचं शिबिर लावलं होतं. बीपी, शुगर, हिमोग्लोबिन, नेहमीचंच. दुपारी गर्दी ओसरल्यावर एक ताई आली. बोटं दाखवायची होती. टोकं पांढरट पडलेली, टाचणी टोचली तरी कळत नव्हतं. कोल्ड स्टोरेजमध्ये पॅकिंगला जाते म्हणाली. आत उणे अठरा डिग्री, आणि हातमोज्यांची एक जोडी दोघींत मिळून. आम्ही बोटांबद्दल जे सांगायचं ते सांगितलं. शेगडीवर शेकू नका, चोळू नका, कोमट पाण्यात धरा, मोजे मागून घ्या. मग सवयीने विचारून टाकलं, "आत आग लागली तर बाहेर कशा पडाल?"

ताई हसली. "सिस्टर, बर्फाच्या खोलीत कुठं आग लागती व्हय?"

लागते, आणि लागली की वाईट लागते. कोल्ड स्टोरेजच्या भिंती विटांच्या नसतात. पत्र्याच्या दोन थरांमध्ये पफ नाहीतर थर्माकोल भरलेला असतो. आत पुठ्ठ्याची खोकी, प्लॅस्टिक, लाकडी पॅलेट छतापर्यंत रचलेली. थंडीने हवेतली ओल बर्फ होऊन बसते, म्हणून आतली हवा कोरडी असते. दाराच्या चौकटीला बर्फ धरू नये म्हणून हीटरची तार फिरवलेली असते, कॉइलवरचा बर्फ वितळवायला आणखी हीटर असतात. कुठेतरी वायर उघडी पडली की पफ आतल्या आत धुमसतो. बाहेरून पत्रा नुसता गरम लागतो. पफच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, हायड्रोजन सायनाइडही असतो. भाजण्याआधी माणूस धुरानेच पडतो. जिथे थंड करायला अमोनिया वापरतात तिथे त्याची भर वेगळीच.

या पानावर आम्ही रक्तक्षय, टीबी, पाळीच्या तक्रारी यांवर लिहितो. यावेळी पाईपवर लिहितो आहोत. भाजलेल्या माणसाची ड्रेसिंग करण्यात आमची बरीच वर्षं गेली. ड्रेसिंग करताना किंचाळणारा माणूस ज्याने ऐकला आहे त्याला, पाईप हा आरोग्याचा विषय कसा, हे विचारावं लागत नाही. आणि तुर्भे-तळोज्याच्या मासळीच्या गोदामांत, पिंपळगाव-ओझरच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये रोजंदारीवर जाणाऱ्या बाया कोणत्या वस्त्यांतून येतात, हे वाचकांना आम्ही सांगायला नको.

तर तो पाईप. मॉलमध्ये, मोठ्या दवाखान्यात छताला लहान नळासारखं काहीतरी लटकलेलं तुम्ही पाहिलं असेल. त्यात काचेची बारीक नळी असते, बहुतेक ठिकाणी लाल. लाल नळी ६८ अंशाला फुटते. फुटली की मागचं पाणी खाली फवारतं. हा स्प्रिंकलर. साध्या ठिकाणी त्याच्या पाईपात पाणी कायम भरलेलं असतं. पण उणे अठरामध्ये पाणी भरून ठेवलं तर ते गोठणार, पाईप फुटणार. म्हणून तिथे पाईपात पाणी न भरता दाबलेली हवा भरतात. पाणी बाहेर, उबदार खोलीत, एका झडपेखाली अडवलेलं असतं. याला ड्राय पाइप व्हॉल्व्ह म्हणतात.

सलाइन लावताना नळीत हवा राहिली तर आम्हा नर्सांचा जीव खालीवर होतो. इथे उलट आहे. इथे हवाच पहारेकरी. झडपेची वरची, हवेकडची बाजू रुंद असते, खालची पाण्याकडची लहान. म्हणून खाली पाण्याचा दाब शंभर असला तरी वरून तीस-चाळीस हवा त्याला दाबून धरते. आग लागली, एक काच फुटली, हवा सुटली, दाब उतरला की झडप उघडते आणि पाणी आगीकडे धावतं. चाचणी घेताना सगळ्यात लांबच्या टोकाची चावी उघडतात आणि घड्याळ लावतात. मोठ्या यंत्रणेत तिथे साठ सेकंदांच्या आत पाणी यावं, असं मोजमाप या क्षेत्रात धरलं जातं.

हे साठ सेकंद आम्हाला फार ओळखीचे वाटले. ऑक्सिजन थांबला की मेंदूला मिळतात ती चार-पाच मिनिटंच. त्यातलं एक मिनिट पाईपातली हवा बाहेर पडण्यात जाणार असेल, तर बाकी सगळं पहिल्या झटक्यात चाललंच पाहिजे.

आणि चालत नाही ते इथेच. ही झडप वर्षानुवर्षं काहीच न करता पडून असते. रबराची सील कडक होते. बसायच्या जागी गंज धरतो. पाईपात हवा आणि उरलेलं थोडं पाणी दोन्ही असल्यामुळे ड्राय पाईप पाण्याने भरलेल्या पाईपापेक्षा लवकर गंजतो, खपल्या सुटतात आणि ऐन वेळी स्प्रिंकलरच्या तोंडाशी जाऊन बसतात. कॉम्प्रेसरने ओलसर हवा भरली तर तीच ओल थंड खोलीत शिरणाऱ्या पाईपात गोठते आणि आत बर्फाचं बूच तयार होतं. बाहेरून काही दिसत नाही. काटा ठीक दाखवतो. आग लागली की पाणी त्या बुचापाशी येऊन थांबतं.

यापेक्षा वाईट प्रकार माणसांनी केलेले असतात. हवा कुठून तरी गळते, दाब उतरतो, झडप उगाच उघडते, पाणी पाईपात शिरतं, काम थांबतं, माल खराब होतो, मालक ओरडतो. असं दोनदा झालं की मेंटेनन्सवाला हवेचा दाब गरजेपेक्षा वाढवून ठेवतो. मग झडप उगाच उघडत नाही, पण आगीतही उशिरा उघडते. किंवा तो सरळ पाण्याची मोठी चावीच फिरवून बंद करतो. कमी दाबाचा अलार्म वाजतो तोही बंद. आयसीयूत रात्रभर टीं टीं करणाऱ्या मॉनिटरचा आवाज आम्हीही बंद केला आहे, म्हणून त्या मेंटेनन्सवाल्याला राक्षस ठरवणार नाही. फक्त एवढंच, की आवाज बंद केल्यावर आम्ही त्या खाटेजवळ बसून राहायचो.

म्हणून तपासणी लागते आणि ती नुसती बघण्याची नाही. काटे नेमाने बघायचे, आठवड्याला तरी. पाईपाच्या सगळ्यात खालच्या टोकांना साचलेलं पाणी काढून टाकायचं. वर्षातून एकदा झडप खरोखर उघडून पाहायची, पाण्याची चावी अर्धवट ठेवून का होईना. तीन वर्षांतून एकदा चावी पूर्ण उघडी ठेवून पूर्ण चाचणी, शेवटच्या टोकाला पाणी किती सेकंदांत येतं ते लिहून ठेवायचं आणि मागच्या वेळच्या आकड्याशी ताडून बघायचं. वेळ वाढत असेल तर आत काहीतरी अडतं आहे. अमेरिकेतल्या नियमावलीत ही वेळापत्रकं आहेत आणि आपल्याकडचे जाणकारही तीच सांगतात. स्प्रिंकलरसाठी आपलं स्वतःचं भारतीय मानक आहेच, आयएस १५१०५.

हे टाळतात का? कारण त्रासाचं आहे. चाचणीनंतर सगळं पाणी काढा, पाईप कोरडा करा, झडप उघडून पुसा, हाताने परत बसवा, पुन्हा हवा भरा. दिवस जातो. आणि चुकून फ्रीजरमध्ये पाणी शिरलं तर तिथेच गोठतं. मालकाची ही भीती खोटी नाही. पण त्यालाही उपाय आहे. झडपेच्या वर आणखी एक चावी बसवली की पाणी आत न जाऊ देता झडप उघडून पाहता येते. म्हणजे अडचण पैशाची आणि दिवसाची आहे, अशक्यतेची नाही. तेवढा दिवस वाचवायला काय करतात? सही.

सहीबद्दल आमच्याकडून सांगायला हवं. वॉर्डात एक इमर्जन्सी ट्रॉली असते. तिच्यावरची इंजेक्शनं, लॅरिंगोस्कोपचा दिवा, अंबू बॅग, ऑक्सिजनचा सिलिंडर हे दर पाळीला तपासून रजिस्टरमध्ये सही करायची. आम्ही एका मोठ्या दवाखान्यात होतो तेव्हा रात्रपाळीला दोन नर्सांवर साठ-साठ रुग्ण. महिन्याच्या शेवटी इन्स्पेक्शन आलं की रजिस्टरच्या रिकाम्या चौकटी आम्ही एका बैठकीत भरायचो. वेगवेगळ्या पेनांनी, संशय येऊ नये म्हणून. एका पहाटे रुग्णाचा श्वास थांबला आणि लॅरिंगोस्कोपचा दिवा लागला नाही. सेल मेलेले होते. शेजारच्या वॉर्डातून दुसरा पळत आणला. रुग्ण वाचला, आमच्यामुळे नाही, शेजारच्या वॉर्डातल्या बाईने खरंच तपासलं होतं म्हणून. त्या दिवशीच्या चौकटीत सही आमची होती.

त्यामुळे फायर सिस्टीमच्या कागदावर "समाधानकारक" लिहिलेलं दिसलं की आमचा पहिला प्रश्न असतो, चावी कोणी फिरवली आणि कोणासमोर?

कायदा नाही असं नाही. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे. त्याप्रमाणे इमारतीच्या मालकाने किंवा ताबा असणाऱ्याने परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा तपासून ती चालू स्थितीत असल्याचा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, अग्निशमन अधिकाऱ्याकडे द्यायचा असतो. याला फॉर्म बी म्हणतात. कायदा चांगला आहे. खोट एकच, हा सगळा व्यवहार मालक, एजन्सी आणि कचेरी या तिघांत होतो. ज्याचा जीव त्या पाईपाखाली आहे तो यात कुठेच नाही. एजन्सीचं बिल मालक भरतो. बिल भरणाऱ्याला नापास कोण करणार?

आणि आग लागल्यावर मात्र खालच्यांची आठवण होते. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात आग लागली, १० बाळं गेली. नंतर ज्यांच्यावर कारवाई झाली त्यांत कंत्राटी परिचारिका होत्या. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला नगरच्या जिल्हा रुग्णालयाचा कोविड अतिदक्षता विभाग पेटला, ११ रुग्ण गेले. पुढच्या काही दिवसांत अटक झाली ती वैद्यकीय अधिकारी बाईला आणि परिचारिकांना. कोणी हलगर्जी केली असेल तर चौकशी व्हावी, आमचं दुमत नाही. पण वायरिंगचं कंत्राट, पंपाची चाचणी, पाण्याची टाकी यांतलं काही नर्सच्या हातात नसतं. तिला कधी कोणी बोलावून दाखवलेलंही नसतं. चाचणीला जिला उभं केलं नाही, तिला कठड्यात उभं करायचं हा कुठला न्याय?

म्हणून आमची मागणी साधी आहे. चाचणी त्या पाळीच्या कामगारांसमोर व्हावी, कंत्राटी धरून. दवाखान्यात नर्स, वॉर्डबॉय, सफाई कामगार यांच्यासमोर. चावी फिरवायची, पाणी सुटलेलं सगळ्यांनी बघायचं, सेकंद मोजायचे आणि एजन्सीच्या सहीखाली दोन कामगारांची सही घ्यायची. फॉर्म बीची प्रत हजेरीच्या मशीनशेजारी लावायची. याला कोणी म्हणेल, अडाणी बायांना व्हॉल्व्हमधलं काय कळतं? ज्या बाया कुकरची शिट्टी बसली नाही हे नुसत्या आवाजावरून ओळखतात, त्यांना दाब कळतो.

त्या ताईला आम्ही समाजमंदिराच्या फळ्यावर चित्र काढून दाखवलं. झडपेला दोन काटे असतात. खालचा पाण्याचा, वरचा हवेचा. दोन्ही शून्यावर असतील तर यंत्रणा मेलेली आहे, वर लटकणारे स्प्रिंकलर नुसती शोभा. खालचा शून्य आणि वरचा ठीक, तर पाणी बंद करून ठेवलंय. शेजारचा छोटा कॉम्प्रेसर अधूनमधून चालू होतो तोवर ठीक. तो सारखाच घरघरत असेल तर पाईप कुठेतरी गळतोय. एवढं बघायला शिक्षण लागत नाही, डबा खायला जाता-येता दिसतं. शिवाय फ्रीजरचं दार आतून उघडण्याचा दांडा. तो दर पाळीला ढकलून बघायचाच, कोणाची परवानगी न घेता.

आता थोडं आपल्या घरचं. ६ ऑक्टोबर २०२३ च्या पहाटे गोरेगावच्या एका एसआरए इमारतीत पार्किंगमधल्या कापडाच्या चिंध्यांच्या गठ्ठ्यांना आग लागली. सात माणसं गेली, चाळीसच्या वर जखमी. इमारत तळमजला अधिक पाच. धूर वर चढला आणि लोक झोपेत होते. अशा इमारती आपल्याच लोकांच्या आहेत, झोपडी सोडून तिथे गेलेल्या. आमच्या पाहण्यात अशा किती तरी इमारती आहेत, जिथे जिन्यातला लाल पाईप आहे पण नळाचं पितळी तोंड भंगारात गेलंय. होजची पेटी आहे, आत झाडू. गच्चीवरची आगीची टाकी पाणी कमी पडतं म्हणून वापरायला घेतलेली. यात पालिकेचा दोष आहे, बिल्डरचा आहे. पण एका इमारतीच्या पंपरूमचं कुलूप आम्ही उघडायला लावलं तेव्हा आत जयंतीच्या मंडपाचे बांबू, कनाती आणि पताका निघाल्या. पंपाचं चाक त्यांच्यामागे. कमिटीचे दादा म्हणाले, "बाई, वर्षातून एकदाच तर लागतं, दुसरीकडे ठेवणार कुठं?" जागेची टंचाई आम्हाला कळते. तरी पताका विहारात राहू शकतात, पंप राहू शकत नाही.

तिथेही तेच करता येतं. पंप चालू करून गच्चीवर पाणी येतंय का हे सगळ्या मजल्यांच्या बायांनी मिळून बघायचं. पोरांना बोलवा, भिजू द्या. एकदा पाहिलेलं पोर विसरत नाही, चावी कुठे आहे ते.

नर्स म्हणून दोन गोष्टी सांगून ठेवतो. धुरात सापडलात तर उभं राहू नका, जमिनीलगत सरपटत भिंत धरून निघा. दार उघडण्याआधी हाताच्या मागच्या बाजूने चाचपा, गरम असेल तर उघडू नका. भाजलं तर वीस मिनिटं वाहतं साधं पाणी. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, शाई नाही. अंगठी-बांगडी लगेच काढा, सूज आल्यावर कापावी लागते. अमोनिया डोळ्यात गेला तर निदान पंधरा मिनिटं सतत पाण्याने धूत राहा, मगच दवाखाना गाठा.

ताईचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. पंधरा दिवसांनी ती पुन्हा आली. म्हणाली, "सिस्टर, वरचा काटा हाय बरोबर. खालचा पार झोपलाय." तिने सुपरवायझरला विचारलं, तर त्याने ठेकेदाराला सांगितलं, आणि ठेकेदाराने तिला आठ दिवस कामावर बोलावलं नाही. आठ दिवसांची मजुरी म्हणजे तिच्या घरात काय, हे आम्हाला माहीत आहे. अशी वेळ दुसऱ्या कोणावर येऊ नये म्हणून आता आम्ही एकट्या बाईला विचारायला पाठवत नाही. तक्रार मंडळाच्या नावाने, लेखी, एक प्रत एमआयडीसीच्या अग्निशमन केंद्राला, एक औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाला. पोच घेतल्याशिवाय परत यायचं नाही.

नवव्या दिवशी ती कामावर गेली तेव्हा खालचा काटा उठलेला होता. कोणीतरी चावी उघडली होती. पण झडप उघडून पाहिली का, पाणी शेवटच्या टोकाला किती सेकंदांत आलं, हे ना तिला कोणी सांगितलं ना आम्हाला. म्हणून त्या कंपनीच्या जानेवारी आणि जुलैच्या फॉर्म बीच्या प्रती मागणारा माहिती अधिकाराचा अर्ज आम्ही टाकला आहे. दहा रुपयांचं तिकीट ताईनेच लावलं. तीस दिवस येत्या पौर्णिमेनंतरच्या मंगळवारी पूर्ण होतात. उत्तर आलं तर पुढच्या अंकात छापू, नाही आलं तर अपिलाचा अर्ज कसा लिहायचा ते छापू.